‘फारकत घेतली’ असे लिहिले तर समोरचा सुटतो का? ‘फारखत’ या शब्दाचा अर्थ आणि उगम

काळी माती (दारव्हा तालुका)

सर्वांना नमस्कार. एका शब्दाच्या अर्थावरून आमच्या गावात मतभेद झाला आहे आणि तो मिटल्याशिवाय एक निवेदन पुढे जाणार नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

गावाच्या नळयोजनेच्या टाकीला तळाशी चीर गेली असून खालच्या पुऱ्यातील नळांना धार येत नाही. करारातील दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, अद्याप संपलेला नाही, तरीही कंत्राटदाराने ‘आता आमचा या कामाशी संबंध उरला नाही’ असे तोंडी सांगून टाकले. गटविकास अधिकाऱ्यांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यात मी असे वाक्य घातले: ‘कंत्राटदाराने दुरुस्तीच्या जबाबदारीपासून फारकत घेतली आहे.’ वर्तमानपत्रांत हा प्रयोग नेहमी वाचनात येतो, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नव्हते.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा, ज्यांचे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसत, अशा एका वयोवृद्ध काकांनी त्या वाक्यावर ठाम हरकत घेतली. फारकत ही ज्याचे येणे असते त्याने द्यायची असते, ती दिल्यावरच दुसऱ्याला घेता येते, आणि म्हणून ‘त्याने फारकत घेतली’ असे लिहिणे म्हणजे गावाने त्याला मोकळे केले असे आपल्याच सहीने कबूल करणे होय, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरातील एक जुना कागदही आणून दाखवला. मूळ कागद मोडीत आहे. त्याखाली त्यांच्या वडिलांनी बाळबोध अक्षरात उतारा केलेला आहे. त्यात एका सावकाराने लिहून दिले आहे की कर्जरोख्याची रक्कम व्याजासह भरून पावली, आता तुमचेकडे काही येणे राहिले नाही, सबब ही फारखत राजीखुशीने लिहून दिली असे. शब्द ‘फारखत’ आहे, ‘ख’ने लिहिलेला.

आमच्याकडे बोलण्यात ‘फारकती’ म्हटले की नवराबायकोचे वेगळे होणे एवढेच समजतात. एकाच शब्दाला कर्ज फिटल्याची पावती, घटस्फोट आणि जबाबदारी झटकणे असे तीन अर्थ कसे आले, मुळात हे दोन शब्द आहेत की एकच, आणि निवेदनात काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दवेल (अमरावती)

आपल्या काकांनी कागद जपून ठेवला याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगावा, कारण शब्दाचा उगम त्या कागदावरच्या ‘ख’मध्येच आहे.

शब्द एकच आहे. अरबीत ‘फारिग’ म्हणजे रिकामा, मोकळा, काम उरकून निवांत झालेला. नागपूर-अमरावतीकडच्या हिंदी बोलण्यात ‘काम से फारिग हो गया’ असे आजही सहज ऐकू येते, तोच हा शब्द. ‘खत्त’ म्हणजे ओळ, अक्षर, लिखित कागद. खरेदीखत, गहाणखत, साठेखत या शब्दांत तो आपण रोज वापरतो. या दोहोंपासून फारसीच्या वळणाने ‘फारिग-खती’ हा शब्द दप्तरात रूढ झाला, त्याचा अर्थ मोकळे केल्याचा कागद. पुढे ‘ग’ आणि ‘ख’ एकमेकांत मिसळून ‘फारखती’, ‘फारखत’ अशी रूपे झाली. गुजरातीत याच शब्दाचे ‘फारगती’ झाले, म्हणजे त्यांनी ‘ग’ ठेवला आणि आपण ‘ख’.

‘ख’चा ‘क’ होणे हे मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे. हिंदीत भूख, भीख, सीखना, सूखना असे म्हणतात, तिथे आपण भूक, भीक, शिकणे, सुकणे म्हणतो. सर्वत्र असे होते असे नाही, ‘राखणे’मधला ‘ख’ टिकला आहे, परंतु फारखतीचा उच्चार फारकती होण्यात विशेष असे काही घडलेले नाही. याला आणखी एका गोष्टीची मदत झाली असावी असे माझे मत आहे. ‘फरक’ हा मराठीत मुरलेला शब्द आणि उर्दूतील ‘फुरकत’, म्हणजे ताटातूट, हे दोन्ही वेगळ्या अरबी धातूतले आहेत आणि त्या धातूचा अर्थ वेगळे करणे, अलग होणे असा आहे. एकदा ‘ख’ जाऊन ‘फारकत’ झाले की कानाला त्यात ‘फरक’ ऐकू येऊ लागतो, खत ऐकू येईनासे होते, आणि शब्दातला कागद विसरून केवळ वेगळे होणे तेवढे मनात राहते. आजच्या अर्थाकडे जाण्याचा रस्ता येथून सुरू होतो असे मला वाटते.

आपल्या भागात हा शब्द इतका खोल का रुजला, याचे उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी येथे निजामाचा अंमल होता आणि दप्तराचा कारभार फारसी शब्दांवर चालत होता. इंग्रजांनी ते शब्द बदलले नाहीत, उलट ते समजावेत म्हणून त्यांचे कोश केले. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या विल्सन यांच्या महसुली आणि न्यायालयीन शब्दांच्या कोशात ‘फारिग-खती’ हा शब्द सुटकेचा, भरपाई पावल्याचा लेख या अर्थाने दिलेला आहे. जबाबदारी टाळणे हा अर्थ त्या काळच्या वापरात बसतच नाही, कारण जो टाळतो त्याला कोणी कागद लिहून देत नाही.

जुना दस्तलेखक (अचलपूर)

काकांचे म्हणणे दस्ताच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे आणि ते हलक्यावारी घेऊ नये. माझे आयुष्य दस्त लिहिण्यात गेले, त्यावरून सांगतो.

कोणत्याही दस्तात पहिला प्रश्न असा असतो की लिहून देणारा कोण आणि लिहून घेणारा कोण. कर्जरोखा ऋणको (कर्ज घेणारा) लिहून देतो आणि धनको (कर्ज देणारा) लिहून घेतो. फारखतीत ही माणसे उलटी होतात: धनको लिहून देतो, ऋणको लिहून घेतो. ‘फारखत घेतली’ हे वाक्य जुन्या अर्थाने संपूर्ण निर्दोष होते, कारण ऋणकोने पै न पै चुकवून आपल्या सुटकेचा कागद हक्काने मागून घेतला, असा त्याचा अर्थ होई. पैसे फेडूनही फारखत न घेणारा माणूस पुढे अडचणीत येई, कारण जुना कर्जरोखा सावकाराच्या पेटीत तसाच राही आणि त्याच्या पश्चात त्याचा मुलगा तोच कागद घेऊन उभा राही. म्हणून शहाणी माणसे रोखा परत घेत, तो फाडून टाकत आणि वर फारखत लिहून घेत. महाराष्ट्रातील सावकारीच्या कायद्यांनी पुढे हेच बंधन सावकारावर घातले की कर्ज पूर्ण फिटल्यावर ऋणकोच्या सहीच्या कागदांवर ते फिटल्याची किंवा रद्द झाल्याची न पुसणारी खूण करावी आणि गहाण असेल तर ते मोकळे करावे.

आजही व्यवहार तोच आहे, नाव मात्र बदलले आहे. पीककर्ज फेडल्यावर सोसायटीचे गटसचिव जो बेबाकी दाखला देतात, तो फारखतीचाच वारस आहे. ‘बे-बाकी’ म्हणजे ज्याच्याकडे बाकी नाही तो. हा दाखला हाती आला म्हणजे काम संपले असे समजून पुष्कळ शेतकरी थांबतात, आणि सातबाराच्या इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तसाच राहतो. तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफार करून कमी करून घ्यावा लागतो. मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकायला निघालेल्या माणसाला ऐनवेळी दुय्यम निबंधकासमोर हा बोजा दिसतो, आणि मग साठेखताची मुदत टळून जाते. हे मी इतक्यांदा पाहिले आहे की विषयाला थोडे सोडून असले तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता आपल्या वाक्याकडे. कायद्यात या दोन गोष्टी स्पष्टपणे निराळ्या ठेवलेल्या आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ६३ प्रमाणे, ज्याला वचन दिले आहे तो ते वचन पूर्णतः किंवा अंशतः माफ करू शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो किंवा त्याऐवजी दुसरे काही स्वीकारू शकतो. हीच फारखत, देणारा हक्कदार आहे. कलम ३९ याच्या अगदी उलट परिस्थितीचे आहे: वचन देणाराच ते संपूर्णपणे पाळण्यास नकार देतो, तेव्हा दुसऱ्या पक्षाला करार संपुष्टात आणण्याचा हक्क मिळतो, मात्र त्याने शब्दाने किंवा वागण्याने करार चालू ठेवण्यास संमती दर्शवलेली नसावी. आपला कंत्राटदार कलम ३९ मध्ये बसतो आणि आपले वाक्य त्याला कलम ६३ मध्ये नेऊन बसवते. केवळ एका शब्दावरून कोणी सुटेल असे मी म्हणत नाही, कारण न्यायालय संपूर्ण कागद आणि त्यामागचा हेतू पाहते. परंतु ज्या शब्दाचे दोन उलट अर्थ होतात तो शब्द आपल्या सहीच्या कागदात ठेवू नये, एवढे मी निश्चित सांगेन.

पांदण (पुसद तालुका)

कर्जाच्या फारखतीविषयी दस्तलेखक काकांनी लिहिले, म्हणून घरादारातल्या फारकतीविषयी मी लिहिते. येथे या शब्दाचा अर्थ समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण चुकीचा अर्थ घेतल्याचा त्रास बायकांना होतो.

आमच्या भागात दोन शब्द आहेत आणि खेड्यातील कोणतीही म्हातारी बाई त्यांतला भेद बरोबर जाणते. एक ‘फारकती झाली’ आणि दुसरा ‘टाकली’. ज्या समाजांत पाट लावण्याची, म्हणजे बाईने दुसरे लग्न करण्याची, रीत होती, तेथे पहिल्या नवऱ्याने पंचांसमोर फारकती लिहून दिल्याशिवाय बाईला पाट लावता येत नसे. फारकतीचा कागद तिच्या हाती असे आणि तो तिचा होता. त्यामुळे ती दुसऱ्या घरी मानाने जाऊ शके आणि पहिला नवरा पुढे येऊन हक्क सांगू शकत नसे. याउलट, ज्याने बायकोला माहेरी सोडून दिले, नांदवले नाही, खायला घातले नाही आणि फारकतीही दिली नाही, त्याच्याबद्दल ‘त्याने तिला टाकली’ असे म्हणत. जबाबदारी नाकारणे हे ‘टाकणे’ आहे. फारकती हा त्यातून बाहेर पडण्याचा रस्ता होता आणि तो अडवून धरणे हा छळाचा एक प्रकार होता.

‘सोडचिठ्ठी’ हा शब्द पाहिला तरी तेच दिसते: ‘सोड’ म्हणजे फारिग आणि ‘चिठ्ठी’ म्हणजे खत. ‘तलाक’ या अरबी शब्दाच्या मुळाशीही बंधनातून सोडणे हाच भाव आहे. कागदावर विश्वास ठेवणाऱ्या समाजांनी जवळजवळ एकाच पद्धतीने हा शब्द घडवलेला आहे.

रूढीने चालत आलेला घटस्फोट हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९(२) ने राखून ठेवला आहे, परंतु ती रूढी त्या समाजात खरोखर होती हे सिद्ध करावे लागते. स्टँपपेपरवर दोघांच्या सह्या घेतल्या म्हणजे फारकती झाली असे आजही तालुक्याच्या ठिकाणी सांगितले जाते, आणि पुढे त्या कागदाला न्यायालयात किंमत उरत नाही. आणखी एक गोष्ट पुरुषांनी ध्यानात ठेवावी. फारकती झाली म्हणजे देणे संपले, हा कर्जातला अर्थ येथे तसाच लागू होत नाही. घटस्फोटित बाईने पुन्हा लग्न केले नसेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर ती पोटगी मागू शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

माझ्या ओळखीतील एका बाईने निराधार योजनेचा अर्ज भरताना नवऱ्याविषयीच्या रकान्यात ‘फारकती’ असे लिहिले, कारण लिहून देणाऱ्याने तिला तोच शब्द सुचवला. त्यावर घटस्फोटाचा कागद मागितला गेला. कागद कोठून येणार? तिला फारकती मिळालेलीच नव्हती. तिला टाकलेली होती. अर्ज दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला आणि दरम्यान तिची मजुरी बुडाली. म्हणून निवेदनातील एका शब्दासाठी गाव थांबले आहे हे वाचून मला बरे वाटले.

बातमी लिहिणारा (वर्धा)

वरील तिन्ही उत्तरांचा आदर राखून थोडी दुसरी बाजू मांडतो. गेली अनेक वर्षे मराठी लेखनात ‘फारकत घेणे’ याचा अर्थ संबंध तोडणे, दूर होणे असा स्थिर झालेला आहे. ‘पक्षाने आपल्या जुन्या भूमिकेशी फारकत घेतली’, ‘लेखकाने रूढ शैलीपासून फारकत घेतली’ ही वाक्ये चुकीची म्हणता येणार नाहीत. येथे लिहून देणारा कोणीच नाही, कारण भूमिका किंवा शैली ही कोणाचे येणे नसते. शब्द दस्तातून बाहेर पडला आणि विचारांच्या क्षेत्रात गेला, तेव्हा त्याने देणारा मागे ठेवला. भाषेत असे होतच असते.

इंग्रजीतील शब्दाचा प्रवास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. करार किंवा कर्ज नाकारण्याला तेथील कायद्यात ‘रेप्युडिएशन’ म्हणतात. तो लॅटिनमधील ‘रेपुडियम’पासून आला, आणि रोमन लोकांत रेपुडियम म्हणजे एका बाजूने विवाह किंवा वाङ्निश्चय मोडल्याचे कळवणे. तो शब्द लग्न नाकारण्यापासून निघून कर्ज नाकारण्यापर्यंत आला. आपला शब्द कर्ज फिटल्याच्या कागदापासून निघाला, लग्न सुटण्याच्या कागदावर आला आणि तेथून जबाबदारी नाकारण्यापर्यंत पोहोचला. दोन्हींच्या वाटेत लग्न आणि देणे आहे. मात्र त्यांचा शब्द आरंभापासून नकाराचा होता. आपला शब्द आरंभी सुटकेचा होता आणि नकार त्यात नंतर शिरला.

म्हणून विचार, परंपरा, शैली यांच्याबाबत ‘फारकत’ खुशाल वापरावी, असे माझे मत आहे. जेथे समोर कोणाचे तरी प्रत्यक्ष येणे आहे, म्हणजे मजुरी, दुरुस्ती, पोटगी, पीकविम्याची भरपाई, तेथे मात्र हा शब्द वापरणे मलाही आता योग्य वाटत नाही. त्याने नाकारणाऱ्याच्या कृत्याला नकळत सभ्यपणा येतो. ‘कंपनीने जबाबदारीपासून फारकत घेतली’ या वाक्यात कंपनी शांतपणे बाजूला झाल्यासारखी वाटते. ‘कंपनीने भरपाई नाकारली’ यात कोणी, कोणाचे आणि काय नाकारले हे उघड होते.

काळी माती (दारव्हा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काकांना सर्व उत्तरे वाचून दाखवली. गुजरातीतील ‘फारगती’ हा शब्द त्यांनी पुन्हा म्हणायला लावला आणि पांदण ताईंनी ‘टाकली’ व ‘फारकती’ यांत केलेला भेद त्यांनाही पूर्ण मान्य आहे.

वाक्य आता असे केले आहे: ‘दोष दायित्व कालावधीत टाकीची दुरुस्ती करून देणे कंत्राटदारावर करारान्वये बंधनकारक असताना, त्यांनी ती करून देण्यास तोंडी नकार दिला आहे, ग्रामपंचायतीने त्यांना या दायित्वातून कोणत्याही प्रकारे मुक्त केलेले नाही.’ मसुद्याच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘हात झटकले’ असाही शब्दप्रयोग होता. तो ठेवावा की काढावा?

शब्दवेल (अमरावती)

‘हात झटकले’ अर्थाच्या दृष्टीने अचूक आहे, कारण त्यात दुसऱ्याच्या संमतीचा भास होत नाही. ‘काखा वर केल्या’ मात्र लिहू नये. त्यात आपल्याजवळ देण्यासारखे काहीच उरले नाही असे दाखवणे आहे, म्हणजे ऐपत नसल्याची सबब आहे, आणि तशी सबब आपल्या कंत्राटदाराने सांगितलेली नाही. सरकारी निवेदनात ‘नकार दिला’ पुरेसे आहे. ग्रामसभेत बोलताना ‘हात झटकले’ म्हणावे.

जुना दस्तलेखक (अचलपूर)

वाक्य चांगले झाले आहे. ‘तोंडी नकार दिला’ याच्यापुढे तो कोणत्या तारखेला आणि कोणासमोर दिला हे घालावे, आणि निवेदनाआधी कंत्राटदाराला स्पीड पोस्टने एक पत्र पाठवून त्याची पोच जोडावी, म्हणजे नकार लेखी झाल्यासारखा होईल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी ते खरे आहे याची खात्री ग्रामसेवकांकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, करून घ्यावी. कामाचा पूर्णत्वाचा दाखला कोणत्या तारखेचा आहे, दोष दायित्वाची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते का, अंतिम देयक निघाले आहे का आणि मुख्य म्हणजे कंत्राटदाराची सुरक्षा ठेव परत केली गेली आहे का, या चार नोंदी पाहाव्यात. ठेव परत करताना ‘काम समाधानकारक असून कोणतेही दायित्व शिल्लक नाही’ असा शेरा कोणी मारून सही केली असेल, तर फारखत शब्द न वापरताही फारखत दिली गेलेली आहे, आणि मग निवेदनाचा मसुदा मुळापासून वेगळा करावा लागेल. ठेव अजून ग्रामपंचायतीकडेच असेल तर ती सोडू नये, आणि तसे निवेदनात आवर्जून लिहावे.